दुखऱ्या सांध्याची सोनोग्राफी : केव्हा करावी, केव्हा करू नये



सोनोग्राफी हा शब्द आता खेड्यापाड्यांत नवा राहिलेला नाही. घरात सून गरोदर असली म्हणजे सोनोग्राफी, मुतखड्याची कळ आली म्हणजे सोनोग्राफी, इतकेच काय, गाय गाभण आहे की भाकड हेसुद्धा आता जनावरांचे डॉक्टर सोनोग्राफीने पाहतात. पण खांदा दुखतो म्हणून गेलेल्या माणसाच्या हातात ‘उजव्या खांद्याची सोनोग्राफी’ अशी चिठ्ठी पडली की तो बुचकळ्यात पडतो. "डॉक्टरसाहेब, पोट चांगलं हाय, दुखतोय खांदा," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. काहींना वाटते, लिहिण्यात घोटाळा झाला. काहींना वाटते, आपल्याला उगाच खर्चात पाडताहेत.

याच्या उलटही मंडळी आहेत. एकाच्या खांद्याला सोनोग्राफीचा उपयोग झाला असे कळले की तीही तालुक्याला जाऊन, कुणा डॉक्टरला न विचारता, "कंबर, गुडघे, मान, सगळ्याचीच काढून टाका" म्हणतात. मग हाती आलेल्या इंग्रजी कागदावर ‘टिअर’ हा शब्द वाचून कुणीतरी सांगतो की शीर फाटली, आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. त्या रात्रीपासून घरात झोप नाही.

ऊस शेतीत अंगमेहनत चुकत नाही. लागण, खुरपणी, बांधणी, पाठीवर पंप घेऊन फवारणी, रात्री-बेरात्री दारे धरणे, आणि तोडणीच्या दिवसांत तर कोयता आणि मोळी. गाळप हंगाम संपला की खांदे, कोपर, मनगटे आणि गुडघे आपले गाऱ्हाणे मांडू लागतात. म्हणून ही तपासणी काय दाखवते, काय दाखवत नाही, आणि तिच्या कागदावर भरवसा किती ठेवावा, हे आपण जरा नीट पाहू.

मशीन पाहते कसे?

विहिरीत तोंड घालून हाक मारली की हाक परत येते. विहीर खोल असेल तर उशिरा येते, पाणी वर असेल तर लवकर येते. सोनोग्राफीचे तत्त्व एवढेच. फक्त इथे हाक माणसाला ऐकू येत नाही. आपल्या कानाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो. मशीनचा आवाज सेकंदाला लाखो कंपनांचा असतो. तो शरीरात जातो, जिथे एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथे थोडा परततो, आणि परत यायला किती वेळ लागला यावरून यंत्र हिशेब करून पडद्यावर चित्र काढते. मांसात हा आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो असे धरून हा हिशेब चालतो. यात एक्स-रेसारखे किरण नाहीत. म्हणून ही तपासणी दहा वेळा केली तरी किरणांची बाधा होण्याचा प्रश्न येत नाही.

या यंत्राचा इतिहास आपल्या कारखानदारीपासून फार लांबचा नाही. काही स्फटिकांवर दाब दिला तर वीज निर्माण होते हे पिएर आणि जाक क्यूरी या फ्रेंच भावांनी १८८० साली दाखवले, आणि अशा स्फटिकाला वीज दिली तर तो थरथरतो हे त्यांनीच पुढच्या वर्षी सिद्ध केले. पुढे या थरथरीचा उपयोग लोखंडातल्या अदृश्य भेगा शोधायला होऊ लागला. बिगर हंगामात मिलच्या रोलरच्या शाफ्टला आतून तडा गेला आहे का, हे तपासतात ना, तीच ही पद्धत. १९५५ च्या जुलै महिन्यात स्कॉटलंडमधील ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ प्राध्यापक इयन डोनल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत गेले. पत्र्यातली भेग शोधणारे यंत्र माणसाच्या मांसातला फरक ओळखते का, हे त्यांना पाहायचे होते. यंत्राने तो ओळखला. १९५८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्याचा लेख छापला, आणि तेथून पोटाची व गर्भाची सोनोग्राफी जगभर गेली. सांध्यांकडे लक्ष वळायला आणखी काही वर्षे लागली.

त्याचे एक कारण असे. शेजारच्या गावच्या जत्रेतला ढोल आपल्याला ऐकू येतो, झांज येत नाही. जाडा आवाज लांब जातो, बारीक आवाज वाटेतच विरतो. पोटात खोलवर पाहायचे म्हणून तिथे सेकंदाला २० ते ५० लाख कंपनांचा ‘जाडा’ आवाज वापरतात. पण त्याने बारकावे कळत नाहीत. खांदा, मनगट, घोटा यांच्या दोऱ्या तर कातडीखाली एक-दोन इंचांवर, आणि काही अवघ्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या. तिथे ७० लाखांपासून पावणेदोन कोटींपर्यंत कंपनांचा ‘बारीक’ आवाज लागतो आणि तो काढणारा वेगळा प्रोब लागतो. प्रोब म्हणजे अंगावर फिरवतात तो हातात मावणारा ठोकळा. तेव्हा पोटाची सोनोग्राफी जिथे होते तिथे सांध्याची होईलच असे नाही. जाण्याआधी फोन करून "सांध्यांची, स्नायूंची करता का?" एवढे विचारले तर एक हेलपाटा वाचतो.

‘शीर’ म्हणजे नेमके काय?

आपल्या बोलीत ‘शीर’ हा एकच शब्द चार कामे करतो. शीर आखडली, शिरेवर शीर चढली, शीर तुटली, शिरेत रक्त साकळले, आणि हाताला मुंग्या आल्या तरी शीरच दबली. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र या चार निराळ्या वस्तू आहेत : रक्त वाहून नेणारी रक्तवाहिनी, मेंदूचा निरोप नेणारी नस, ओढ देणारा स्नायू, आणि स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी, म्हणजे कंडरा. चारही एकमेकींना चिकटून असतात, आणि हाताने चाचपून प्रत्येक वेळी कळतेच असे नाही. सांध्याच्या सोनोग्राफीचा मोठा उपयोग हाच, की ती या चारांतली दुखते कोणती हे दाखवू शकते. आणि हा केवळ पंडिती फरक नव्हे. उपचार अगदी उलटे होऊ शकतात.

पोटरीचे उदाहरण घ्या. पोटरी एकाएकी सुजली, टणक झाली, दुखू लागली. याची तीन कारणे नेहमीची. पहिले, स्नायू फाटला : चिखलात पाय घसरला, किंवा झेप घेऊन ट्रॉलीवर चढताना मागून कुणी दगड मारावा तशी कळ आली. दुसरे, गुडघ्याच्या मागे पाण्याची पिशवी असते ती फुटून पाणी पोटरीत उतरले. गुडघा झिजलेल्यांना किंवा संधिवात असलेल्यांना हे होते. तिसरे, पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी धरली. बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणे, मोठे ऑपरेशन, पायाला प्लॅस्टर यांनंतर हा धोका वाढतो. तिन्ही वरून सारखी दिसतात. पहिल्याला विसावा आणि पट्टी पुरते. तिसऱ्याला रक्त पातळ करणारे औषध ताबडतोब लागते, आणि त्यावर तेल लावून रगडणे म्हणजे जिवाशी खेळ, कारण ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. गुडघ्यामागची पिशवी की शिरेतली गुठळी, हा भेद सोनोग्राफीने करता येतो असा लेख १९७२ सालीच ब्रिटनच्या एका वैद्यकीय मासिकात आला होता. सांध्यांसाठी हे यंत्र वापरण्याच्या सुरुवातीच्या प्रसंगांपैकी तो एक.

गुठळी ओळखण्याची पद्धत तर शेतकऱ्याला लगेच पटेल अशी आहे. रबरी नळीवर पाय दिला की ती चपटी होते. आत गाळ घट्ट बसला असेल तर होत नाही. डॉक्टर प्रोबने शीर दाबून पाहतात. चपटी झाली तर मोकळी, नाही झाली तर आत गुठळी. तेव्हा एकाच पायाची पोटरी अशी अचानक सुजली तर मालिशवाल्याकडे न जाता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सोनोग्राफी सेंटरचाही विचार करू नये, सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

नसेचे उदाहरण आपल्या घरातल्या बायकांचे. धारा काढणे, खुरपे धरणे, पिळून धुणे, भाकरी थापणे, सगळा भार मनगटावर. रात्री अंगठा आणि शेजारची दोन-तीन बोटे बधिर होतात, मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरे वाटते. करंगळी मात्र बहुधा चांगली असते. मनगटात एक अरुंद बोगदा आहे, त्यातून बोटांची मोठी नस जाते. ती तिथे आवळली जाते. मधुमेह, थायरॉईडचा विकार आणि गरोदरपण यांत हे जास्त दिसते. सोनोग्राफीत ती नस बोगद्याच्या तोंडाशी सुजलेली दिसते. तिचे आडवे क्षेत्रफळ साधारण १० चौरस मिलिमीटरच्या पुढे गेले की संशय बळावतो. नसेत विजेचा निरोप किती वेगाने जातो हे मोजण्याची दुसरी तपासणीही आहे. कधी एक पुरते, कधी दोन्ही लागतात. "बाईमाणसाच्या हाताला मुंग्या यायच्याच" म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढले तर अंगठ्याच्या बुडाचा स्नायू वाळतो. तो पुन्हा पूर्ववत भरेलच असे सांगता येत नाही.

मोडलेला काटा

ही गोष्ट मोठमोठ्या शहरी लेखांत तळटीपेपुरती असते, पण आपल्याकडे तिला मान द्यायला हवा. बाभळीचा किंवा बोराटीचा काटा, बांबूची कुसळ, उसाच्या बुडख्याची धारदार ढलपी पायात शिरते आणि आत मोडते. वरची जखम भरते, आणि पंधरा दिवसांनी तिथेच ठणका, पू, गाठ. एक्स-रे काढला तर काही दिसत नाही. लोखंडाचा तुकडा एक्स-रेत स्वच्छ दिसतो, काच बहुतेक वेळा दिसते, पण लाकूड आणि काटा सहसा दिसत नाहीत. "फोटोत काही नाही" म्हणून माणूस घरी येतो, कुणी बिब्बा घालतो, कुणी रुईचा चीक लावतो, कुणी सुईने उकरतो.

सोनोग्राफीत मात्र काटा चमकदार रेघेसारखा उठून दिसतो, आणि तो पंधरा दिवस आत राहिला असेल तर भोवती सुजेचे काळे कडे दिसते. तो किती खोल आहे, कोणत्या दिशेने आहे, कंडरेला टेकला आहे का, हे मिलिमीटरमध्ये सांगता येते. कातडीवर पेनाने खूण करता येते. मग काढणाऱ्याला मोठी चिरफाड करावी लागत नाही. मधुमेहामुळे ज्यांचे तळपाय बधिर झाले आहेत त्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण त्यांना काटा रुतल्याचे कळतच नाही. कळते ते पाय काळा पडू लागल्यावर. धनुर्वाताच्या सुईचे डॉक्टरांना विचारायचे तेही विसरू नये.

चालते-बोलते चित्र

एक्स-रे किंवा एमआरआय काढताना "हलू नका" म्हणतात. इथे उलट, "हात वर करा, मागे न्या, कोपर वळवा" असे सांगतात, आणि दोरी हाडाखालून सरकताना कुठे अडते ते समोर दिसते. बोट वळवताना खटका बसतो आणि मग ते सुटत नाही, किंवा घोट्याच्या बाजूची कंडरा चालताना जागेवरून उसळते, असे विकार हालचालीतच कळतात. शिवाय चांगला हात शेजारीच असतो. दुखरा आणि चांगला लगेच ताडून पाहता येतो. रुग्णाने बोट ठेवून "इथे" म्हटले की तिथेच प्रोब ठेवता येतो. ही सोय दुसऱ्या कुठल्याच यंत्रात इतकी नाही.

खांद्यात चार कंडरा मिळून हाडाच्या गोळ्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्यांची फाट, सूज, साचलेला चुन्यासारखा खडा हे चांगला तपासणारा बरोबर ओळखतो. विशेषतः चाळिशीनंतरचा माणूस मोटारसायकलवरून किंवा बांधावरून पडला, हाड मोडलेले नाही, पण त्या दिवसापासून हात वरच जात नाही, असे असेल तर चार महिने शेकत बसू नये. अशी ताजी, पूर्ण फाट लवकर कळली तर शिवता येते. उशीर झाला की स्नायू आकसतो, त्यात चरबी भरते, आणि मग शिवणेही अवघड होते.

उलट ‘खांदा धरला’ म्हणतात, ज्यात हात स्वतःला उचलत नाही आणि दुसऱ्याने उचलला तरी उचलत नाही, त्याचे निदान डॉक्टरच्या हातानेच होते. हा विकार मधुमेही लोकांत जास्त. त्यात सोनोग्राफीचा कागद पुष्कळदा बराच चांगला येतो, आणि "कागदात काही नाही म्हणजे ह्याला काम चुकवायचंय" असा अर्थ घरचे काढतात. तो अर्थ चुकीचा आहे.

आमवातात सांध्याच्या अस्तराला आलेली सूज आणि तिथे वाढलेला रक्तपुरवठा एक्स-रेत हाडे झिजलेली दिसण्याच्या कितीतरी आधी सोनोग्राफीत दिसू शकतो. युरिक ॲसिडचे खडे सांध्याच्या कुर्चेवर पांढऱ्या पुटासारखे दिसतात. पण सांधा लालभडक, गरम, आणि अंगात ताप असेल तर सोनोग्राफी फक्त ‘आत पाणी आहे’ एवढे सांगेल. ते पाणी की पू हे सुईने काढून तपासल्याशिवाय कळत नाही. हा सांधा त्याच दिवशी रुग्णालयात दाखवायचा असतो. दोन दिवसांत कुर्चा खराब होऊ शकते.

जे दिसत नाही ते

हाडावर आवाज आपटला की परत येतो, पुढे जात नाही. म्हणून हाडाच्या आत आणि हाडाच्या मागे काय आहे ते या यंत्राला अंधार आहे. कंबर आणि मान यांच्या मणक्यांतली गादी सरकली का, तिने नस दाबली का, हे सोनोग्राफीत कळत नाही. तरीही कमरेची सोनोग्राफी करून आलेले लोक आढळतात; तो पैसा वाया जातो. गुडघ्याच्या आतल्या खोल दोऱ्या आणि गाद्या, म्हणजे लिगामेंट व मेनिस्कस यांच्यासाठी एमआरआय लागतो. पडून हाड मोडल्याची शंका असेल तर आधी एक्स-रे. गुडघ्याची झीज किती, हेही उभे राहून काढलेल्या साध्या एक्स-रेत जास्त चांगले कळते. आणि टाच सकाळी पहिल्या पावलाला दुखते, कोपराच्या बाहेरच्या बाजूला कोयता चालवून दुखते, अशा साध्या दुखण्यांना पहिल्या महिन्यात बहुधा कुठल्याच चित्राची गरज नसते. विसावा, व्यायाम, चपलेतला बदल यांनी गुण येतो की नाही हे आधी पाहावे.

कागद आणि माणूस

आता मुख्य मुद्द्यावर येतो. २०११ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० ते ७० वयाचे ५१ पुरुष निवडले, ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता, आणि त्यांच्या खांद्याची सोनोग्राफी केली. त्यांतल्या ९६ टक्के लोकांच्या कागदावर काही ना काही दोष लिहावा लागला : कुणाची कंडरेवरची पिशवी जाड, कुणाचा सांधा झिजलेला, कुणाची कंडरा खराब. आणि दुखत तर कुणाचेच नव्हते! पन्नाशीच्या माणसाच्या खांद्यात थोडी झीज, थोडी फाट असणे हे केस पांढरे होण्यासारखेच आहे. म्हणून कागदावरचा ‘पार्शल टिअर’ म्हणजे थोडी फाट, ‘टेंडिनोसिस’ म्हणजे कंडरेची झीज, ‘बर्सायटिस’ म्हणजे पिशवीची सूज, ‘इफ्यूजन’ म्हणजे सांध्यात पाणी, एवढाच अर्थ घ्यावा. दुखण्याचे कारण तेच आहे की नाही, हे सांगणार तो तुमचा हात-पाय हलवून पाहणारा डॉक्टर. नुसता कागद पाहून, अंगाला हात न लावता कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला मुळीच संकोच करू नये.

दुसरी गोष्ट, तपासणाऱ्याचा हात. उसाचा ब्रिक्स पाहताना कांडे शेंड्याचे घेतले की बुडाचे, यावर आकडा बदलतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. इथेही तसेच. कंडरा ही सुतळीसारखी पीळदार धाग्यांची असते. तिच्यावर आवाज सरळ काटकोनात पडला तर ती पडद्यावर पांढरी दिसते. प्रोब थोडा कलला की तीच कंडरा काळी दिसते. आणि फाटही काळीच दिसते. म्हणून जाणता माणूस काळा डाग दिसला की प्रोब थोडा फिरवतो, कलवतो, दोन्ही दिशांनी पाहतो. जो डाग तरीही राहतो तो खरा. या कामाला वेळ लागतो. एका सांध्याला पंधरा मिनिटे ते अर्धा तास धरावा. दोन मिनिटांत खांदा उरकला असेल तर त्या कागदाला फार किंमत देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

पण दोष नेहमी सेंटरचाच असतो असेही नाही. चिठ्ठीवर नुसते ‘खांदा’ एवढेच लिहिले तर तपासणाऱ्याने शोधायचे काय? "सहा आठवड्यांपूर्वी पडला, हात बाजूने वर जात नाही, फाट आहे का" असे लिहिलेली चिठ्ठी अर्धे काम करते. डॉक्टरांना तसे लिहून द्यायला सांगावे. गैर काही नाही त्यात.

सुई देताना

सांध्यात किंवा कंडरेभोवती इंजेक्शन देताना सोनोग्राफीत सुईचे टोक दिसते. औषध नेमक्या जागी जाते, नस आणि रक्तवाहिनी टाळता येते. मात्र औषध काय, हे विचारावे. बहुधा ते स्टिरॉइड असते. मधुमेह असलेल्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते, तेव्हा आधी सांगावे आणि त्या दिवसांत तपासून घ्यावी. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तीही सांगावी. टाचेमागच्या मोठ्या कंडरेत स्टिरॉइड दिल्याने ती तुटण्याचा धोका असतो. बाजाराच्या दिवशी दर आठवड्याला त्याच गुडघ्यात ‘एक सुई मारून’ घेणारे काही आहेत. आराम पडतो हे खरे, पण हा मार्ग नव्हे.

तान्ह्या बाळाचा खुबा

ऑस्ट्रियाचे डॉ. राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० साली तान्ह्या बाळांच्या खुब्याच्या सोनोग्राफीची पद्धत मांडली. जन्मतः मांडीच्या हाडाचा गोळा हाडाचा नसून कुर्चेचा, मऊ असतो. एक्स-रेत तो दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. म्हणून पहिले चार-सहा महिने सोनोग्राफी, नंतर एक्स-रे. बाळ पायाळू असेल, किंवा आई-वडील वा भावंडांना खुबा निखळण्याचा दोष असेल, तर सुमारे सहा आठवड्यांच्या सुमारास ही तपासणी करावी का, हे बालरोगतज्ज्ञाला विचारावे. मुलींमध्ये हा दोष जास्त आढळतो. वेळेत कळले तर बहुधा मऊ पट्ट्यांनी पाय फाकवून ठेवून खुबा बसतो. मूल लंगडत चालू लागल्यावर कळले तर पुष्कळदा ऑपरेशन लागते. जाता जाता आजीबाईंना एक सांगणे : पाय सरळ ताणून दुपट्यात आवळून बांधणे खुब्याला वाईट. कडेवर घेणे, ज्यात पाय आपोआप फाकतात, ते मात्र चांगले.

जाण्यापूर्वी

सेंटरच्या दारात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा फलक दिसेल. खांद्यासाठी आलेल्या बाप्यालाही तो वाचावा लागतो. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, याविषयी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. मशीन कुठल्याही अवयवासाठी असो, त्याची नोंदणी लागते, आणि ते मनाला येईल तिथे उचलून नेता येत नाही. "कारखान्यावरच्या शिबिरात मशीन आणा, सगळ्यांचे खांदे पाहून टाका," अशी मागणी करणाऱ्यांनी ही अडचण लक्षात घ्यावी. मुली का कमी झाल्या हे आठवले, म्हणजे या कडकपणाबद्दल तक्रार राहणार नाही.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ‘अल्ट्रासाउंडचा शेक’ देतात, तो यापेक्षा वेगळा. तिथेही जेली असते, ठोकळा असतो, पण चित्र निघत नाही. "माझी सोनोग्राफी दहा दिवस झाली" असे सांगणारे बहुधा शेक घेऊन आलेले असतात.

सांध्याच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचे कारण नाही, आणि पाणी पिऊन लघवी रोखून बसायचेही नाही. छातीत पेसमेकर असला तरी चालते. खांद्यासाठी सैल बंडी, गुडघ्यासाठी वर सरकेल असा पायजमा किंवा धोतर बरे. मनगटातल्या बांगड्या, गंडा-दोरा आधी सैल करून ठेवावा, ऐनवेळी ओढाताण होते. जुने एक्स-रे, जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालावीत. दुखण्याची जागा एका बोटाने दाखवावी. पंजा फिरवून "हे सगळंच" म्हटले तर तपासणाऱ्याला काही कळत नाही. घरून निघताना जिथे जास्त ठणकते तिथे पेनाने खूण केली तरी हरकत नाही. प्रोब फिरताना नेमके दुखले तर गप्प बसू नये, तिथल्या तिथे सांगावे. कागदाबरोबर चित्रेही मागून घ्यावीत, पुढच्या वेळी ताडून पाहायला लागतात. आणि जेली पुसायला घरचा पंचा बरोबर असू द्यावा; ती पाण्याने निघते, कपड्याला डाग राहत नाही.